अण्णांचा सातबारा आणि एल्ट्सचा किल्ला

माहेरी अण्णांच्या खोलीत दारामागे कॅलेंडरचं एक पान चिकटवलेलं आहे. पुण्यातल्या कुठल्याशा जर्मन कारखान्याचं कॅलेंडर, एसटीत एका प्रवाशानं त्यांना दिलेलं. ऑक्टोबरचं पान. खालच्या तारखा कधीच कापून टाकल्यात. वर उरलाय तो पिवळ्या-तांबड्या रानातल्या उंच खडकावरचा टोकदार छपरांचा किल्ला. कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव, बुर्ग एल्ट्स. बुर्ग म्हणजे जर्मन भाषेत किल्ला.

अण्णा एसटीत कंडक्टर होते, २०११ साली रिटायर झाले. साताऱ्याच्या आसपासचे बहुतेक गड त्यांनी पायाखाली घातलेत. अजिंक्यतारा रोजचाच, मग सज्जनगड, चंदन-वंदन, वैराटगड, कमळगड, वासोटा. कुठल्याही गडावर पोचले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “पानी कुठंय हितं?” टाकं दिसलं की मग बसून भाकरी सोडायची.

२०२४ च्या जानेवारीत मी त्यांना म्हटलं, यंदा हा किल्ला बघून येऊ. तेव्हा त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता आणि माझ्या पासपोर्टवर एकही शिक्का नव्हता. तयारीला नऊ महिने लागले, प्रवास झाला नऊ दिवसांचा. त्या नऊ महिन्यांत मी खूप शोधाशोध केली, पण निवृत्त कंडक्टरला घेऊन जर्मनीला कसं जायचं हे सांगणारं कुणी सापडलं नाही. म्हणून हे लिहून ठेवतेय. मी साताऱ्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते, त्यामुळे आकडे थोडे जास्तच येतील.

पहिली अडचण जन्मतारखेची. अण्णांच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. अण्णांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५३ आहे. पण आधार काढताना ऑपरेटरनं टाकली १ जानेवारी १९५३. इतकी वर्षं त्या पाच महिन्यांवाचून कुणाचं अडलं नव्हतं. आता अडलं. शाळेत जाऊन जुन्या रजिस्टरवरून दाखल्याची नवी प्रत काढली, ती लावून आधार दुरुस्त केलं. तेव्हा फी पन्नास रुपये होती, हेलपाटे चार. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची कागदपत्रं एका ओळीत मांडून आधी तारखा आणि नावाची स्पेलिंगं जुळवा, बाकी सगळं नंतर.

पासपोर्टसाठी १४ मार्चला मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात गेलो. ज्येष्ठ नागरिकांना नव्या पासपोर्टच्या फीमध्ये दहा टक्के सवलत आहे, त्यामुळे दीड हजाराऐवजी १,३५० रुपये लागले. अण्णांचं शिक्षण नववी, त्यामुळे पासपोर्टवर ‘ईसीआर’चा, म्हणजे काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा, शिक्का बसेल अशी मला धास्ती होती, पण पन्नाशीच्या पुढच्यांना तो लागत नाही. पोलीस पडताळणीला आलेला शिपाई अण्णांच्या गाडीनं शाळेला जायचा. त्यानं चहा घेतला, शेजाऱ्यांना विचारल्यासारखं केलं आणि गेला. पासपोर्ट पाडव्याच्या आदल्या दिवशी आला. अण्णांनी तो गुढीच्या पाटावर ठेवला.

मग व्हिसा. जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच व्हिसा चालतो, त्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आम्ही एप्रिलमध्येच सुरुवात करायला हवी होती. मी जूनमध्ये वेबसाइट उघडली तेव्हा पुण्याच्या व्हिसा केंद्रात तारखाच नव्हत्या. रोज सकाळी सहाला उठून पान रिफ्रेश करायचं, लाल चौकोन बघायचे आणि डबा भरायला घ्यायचा. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे दोन चौकोन हिरवे दिसले. २१ ऑगस्ट, सकाळी साडेनऊ.

कागदांची यादी लांबलचक होती. ऑनलाइन भरून छापलेला, बारकोड असलेला अर्ज. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचे फोटो. विमानाचं रिझर्वेशन, रोज रात्री कुठं राहणार त्याचं बुकिंग, किमान तीस हजार युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा, बँकेचे शिक्का मारलेले उतारे, माझ्या पगाराच्या स्लिपा, इन्कम टॅक्स रिटर्न, ऑफिसचं रजेचं पत्र. विमानाचं तिकीट व्हिसाआधी पैसे भरून काढू नका, रिझर्वेशन पुरतं. राहण्याची बुकिंगंसुद्धा फुकट रद्द होणारीच घ्या. विम्यासाठी मला तीन कंपन्या पालथ्या घालाव्या लागल्या. सत्तरी ओलांडलेला माणूस म्हटलं की एकीनं नाहीच म्हटलं, दुसरीनं वैद्यकीय तपासण्या सांगितल्या. शेवटी माझा विमा अकराशेत झाला आणि अण्णांचा साडेचार हजारांत.

या सगळ्या कागदांमागे त्यांचा खरा प्रश्न एकच असतो, हा माणूस परत येईल कशावरून? माझं सोपं होतं, नोकरी आहे, नवरा आहे, मुलगा दहावीत आहे. अण्णांचं काय दाखवायचं? पेन्शन महिना २,८७० रुपये. तेवढ्यात तिकडे तीन जेवणं होतील. खर्च मी करणार असं पत्र जोडलं, पण पत्रानं परतीची हमी मिळत नाही. अण्णांना विचारलं तर म्हणाले, “आगं, न्हाय येऊन जाईन कुठं? गोठ्यात म्हैस हाय, आषाढीला वारी हाय.” माळकरी माणूस, त्यांच्या दृष्टीनं पुरावा संपला. म्हैस आणि वारी अर्जाच्या कुठल्याच रकान्यात बसेनात.

शेवटी ठरलं, सातबारा जोडायचा. महाभूमीच्या साइटवरून डिजिटल सही असलेला उतारा पंधरा रुपयांत मिळतो. मी तो डाउनलोड केला आणि बघतच राहिले. एका गटावर अकरा नावं. अण्णा, त्यांचे दोन भाऊ, वारलेल्या थोरल्या काकांची मुलं, त्यांच्या बायका, एक आत्या. सगळं सामाईक. अण्णांच्या वाट्याचं बांधानं ओळखता येतं, कागदावर नाही. त्यातून अण्णांनी ही गोष्ट पारावर सांगितली. दुसऱ्या दिवशी धाकट्या काकांचा फोन. “सातबारा कशाला काढलाय? इकायचं चाललंय काय?” त्यांना व्हिसा म्हणजे काय हे समजावण्यात माझा एक रविवार गेला. आठवडाभरानं चुलतभाऊ येऊन फाईल बघून गेला. उताऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं तेव्हा भाषांतरकारानं विचारलं, सामाईक खातं म्हणजे नेमकं काय लिहू? मी म्हटलं, सगळ्यांचं आहे आणि कुणा एकाचं नाही, असं लिहा.

२१ ऑगस्टला पहाटेच्या शिवशाहीनं पुण्याला गेलो. केंद्रात पिशवी नेऊ देत नाहीत, पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर. काउंटरवरच्या मुलीनं अण्णांचा फोटो परत केला. गांधी टोपी घालून काढला होता. आतच पुन्हा फोटो काढला. टोपीशिवायचे अण्णा मी देवळात आणि दवाखान्यातच पाहिलेत, मला उगाच वाईट वाटलं. मग बोटांचे ठसे. उजव्या हाताची चार बोटं काचेवर ठेवली, मशीन लाल. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. चौतीस वर्षं तिकिटं फाडून, नाणी मोजून आणि नंतर तेरा वर्षं शेण-माती करून अण्णांच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. त्या मुलीनं ओल्या टिश्यूनं त्यांची बोटं पुसली, एकेक बोट स्वतः धरून दाबलं, सातव्या वेळेला हिरवं झालं. ज्यांचे ठसे पुसट आहेत त्यांनी आठ दिवस आधीपासून रात्री हाताला खोबरेल लावावं, हे तिनंच सांगितलं. आणखी एक सांगितलं, हे ठसे एकूणसाठ महिने चालतात, त्या मुदतीत परत अर्ज केला तर सहसा नव्यानं द्यावे लागत नाहीत. अण्णांनी मान डोलावली. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नसेल.

व्हिसाची फी ९० युरो माणशी. ती त्याच वर्षी जूनमध्ये ८० वरून वाढली होती, म्हणजे माझ्या आळसाची किंमत वीस युरो. दोघांचे १८० युरो म्हणजे साडेसोळा हजारांच्या आसपास, वर केंद्राचं सेवाशुल्क आणि कुरियर.

निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो असं नियमात आहे, अडचण असेल तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत. पंधरावा दिवस ५ सप्टेंबरला गेला. ७ तारखेला गणपती बसले. ट्रॅकिंगवर रोज तेच वाक्य, अर्ज वकिलातीत विचाराधीन. दहाला गौरी आल्या, अकराला जेवल्या. बाराला गौरी निघायच्या वेळी कुरियरवाला फाटकात. आईनं त्याच्या हातावर आधी खीर-कानवल्याचा नैवेद्य ठेवला, मग सही केली. मी पाकीट फाडलं. दोन्ही पासपोर्टांत स्टिकर. नऊ दिवसांचा मुक्काम, एकदाच प्रवेश. स्टिकरवरचं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारखा तिथल्या तिथं तपासून घ्या. मी तीनदा तपासल्या.

दुसऱ्या दिवशी तिकिटं काढली, मुंबई ते फ्रँकफर्ट थेट, माणशी ६४,८००.

सामान भरताना कळलं की युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे कंदी पेढे बाद, तूपही बाद. आईनं आधीच दोन किलो पेढे आणून ठेवले होते, ते काकांच्या घरी गेले, संबंध सुधारायला उपयोगी पडले. फळांचंही तसंच, ठरावीक चार-पाच सोडली तर कागद लागतात. त्या सुटलेल्यांत नारळ आणि केळी आहेत. अण्णांनी वाटेत फोडायला एक नारळ घेतला. शेंगदाण्याचे लाडू, भडंग, मेतकूट, तिळाची चटणी बिनधास्त नेली.

६ ऑक्टोबरच्या सकाळी फ्रँकफर्टला उतरलो. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं विचारलं, कशासाठी आलात? मी उत्तर जुळवेपर्यंत अण्णांनी खिशातून कॅलेंडरचं घडी केलेलं पान काढून काचेवर धरलं. तो हसला आणि शिक्का मारला. पान दारामागून कधी काढलं, मला माहीत नव्हतं.

प्रवासासाठी डॉइचलांड तिकीट काढलं होतं. तेव्हा ते महिन्याला ४९ युरोचं होतं. त्यात साध्या गाड्या, लोकल, शहरातल्या बस, ट्राम सगळं येतं, वेगवान गाड्या मात्र चालत नाहीत. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ते आपोआप पुढच्या महिन्यात जातं, नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं. आणि ते नावावर असतं, सोबत ओळखपत्र लागतं. आमच्या ॲपवर एका खात्यात एकच तिकीट मिळत होतं, म्हणून अण्णांच्या फोनवर त्यांचं वेगळं खातं उघडलं.

पहिला मुक्काम ऱ्हाइनकाठच्या बाखाराखला, गावावरच्या स्टाहलेक किल्ल्यात. हा किल्ला फ्रेंचांनी १६८९ साली उडवला. विसाव्या शतकात तो पुन्हा बांधून तिथं युवा वसतिगृह केलं. नाव युवा असलं तरी एकाहत्तर वर्षांच्या माणसाला कुणी अडवत नाही. सभासद व्हावं लागतं, ते तिथंच होता येतं. स्वस्त, स्वच्छ, नाश्ता धरून. तोटा एकच, गावातून किल्ल्यावर जायला पायऱ्या आहेत आणि मी चाकांची मोठी बॅग आणली होती. दगडी गल्लीत तिचं एक चाक निखळलं. अण्णांनी ती सरळ खांद्यावर टाकली आणि वासोटा चढल्यासारखे पुढे निघाले. तुम्ही पाठीवरची सॅक न्या.

वाटेत अर्ध्यावर वेर्नर चॅपलचा सांगाडा लागतो. छप्पर नाही, तांबड्या दगडाच्या उंच कमानी आणि त्यांतून आभाळ. सगळे तिथं फोटो काढतात, मीही काढले. मग पाटी वाचली. १२८७ साली वेर्नर नावाच्या मुलाचं प्रेत सापडलं, त्याचा आळ ज्यूंवर घेतला गेला आणि या खोऱ्यात त्यांच्या कत्तली झाल्या. त्या मुलाला संत मानून हे देऊळ बांधलं. अण्णांना सांगितलं तेव्हा ते टोपी सारखी करत थोडा वेळ कमानीकडे बघत उभे राहिले आणि नुसतं “चल” म्हणाले.

वर पोचल्यावर मात्र त्यांना हवं ते सापडलं. किल्ल्याच्या एका बाजूला खंदक, आणि खंदकात खरोखरचं पाणी. जर्मनीत डोंगरी किल्ल्याला असा पाण्याचा खंदक फार कमी ठिकाणी आहे. नारळ तिथंच फुटला.

रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात हे मी वाचलं होतं, पण ते इतकं मनावर घ्यायचं असतं हे कळलं नव्हतं. त्या रात्री भडंग आणि लाडू खाल्ले. रविवारी उतरणार असाल तर मोठ्या स्टेशनातल्या दुकानांतून घेऊन ठेवा, ती उघडी असतात.

७ तारखेला मार्क्सबुर्गला गेलो. हा ऱ्हाइनच्या दुसऱ्या तीरावर आहे, आणि कोब्लेन्ट्सपासून वर माइन्त्सपर्यंत नदीवर पूलच नाही. होडीनं पलीकडे जायचं, मग गाडी पकडायची. नदीकाठानं एकामागून एक किल्ले दिसत राहतात. नदीच्या मधोमध, बेटावर, जहाजासारखा उभा असलेला फाल्त्सग्राफेनश्टाइन दाखवून मी सांगितलं की जाणाऱ्या-येणाऱ्या गलबतांकडून जकात घ्यायला तो बांधला होता. अण्णांनी पुढे विचारलं, आणि हा? तोही जकातीचाच. तो पलीकडचा? तोही. अण्णा म्हणाले, “मंजे ह्यो समदा आणेवाडीचा टोलनाका हाय की.” त्यानंतर ऱ्हाइनवरच्या किल्ल्यांबद्दल त्यांचा आदर बराच कमी झाला.

मार्क्सबुर्ग त्यातून वाचला, कारण मधल्या ऱ्हाइनवरचा हा एकच डोंगरी किल्ला कधी जमीनदोस्त झाला नाही. किल्ले जपणाऱ्या जर्मन संस्थेनं तो १९०० साली प्रशियाच्या सरकारकडून एक हजार सोन्याच्या मार्कांना विकत घेतला, आजही त्यांचं ठाणं तिथंच आहे. आत गाईडबरोबरच फिरावं लागतं. आम्हाला जर्मन फेरी मिळाली, हातात इंग्रजी कागद दिला. घोडे चढायचे ती दगडी वाट, प्रचंड चुलाण्याचं स्वयंपाकघर, तळघरातली पिंपं. अण्णांनी चुलाण्यात वाकून धुरांड्याकडे बघितलं आणि किती माणसांचा स्वयंपाक होत असेल याचा अंदाज बांधला. तो बरोबर की चूक, विचारायला भाषा नव्हती.

त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत तिकीट तपासनीस बाई आल्या. हातात स्कॅनर. अण्णांनी फोन पुढे केला, बीप झालं. मग त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, हवेतच एक पेटी काखेला लावली आणि अंगठ्यानं पंच वाजवल्याची खूण करून तोंडानं आवाज काढला, टिक-टिक, टिक-टिक. एसटीच्या जुन्या कंडक्टरांचा तो आवाज. बाईंना दोन सेकंद लागले. मग त्यांनी स्कॅनर काखेत धरला आणि अण्णांशी हात मिळवला. पुढच्या डब्यात जाताना त्या टिक-टिक करत गेल्या.

९ तारखेला मोझेल नदीकाठच्या कोखेमला मुक्काम हलवला. गावावर राइख्सबुर्ग दिमाखात उभा आहे. अण्णा खालूनच म्हणाले, “ह्यो नवा वाटतोय.” खरंच, जुना किल्ला १६८९ मध्येच पडला होता. १८६८ साली बर्लिनच्या एका व्यापाऱ्यानं अवशेष विकत घेऊन १८७७ पर्यंत हा हौसेनं उभा केला. कशावरून ओळखलंत, तर म्हणे कडा झिजल्या न्हाईत. मला स्वतःला तो आवडला, पण तिकिटाचे पैसे वाचवले.

१० तारखेला दोन गाड्या बदलून मोनरेआलला गेलो. लाकडी चौकटींची घरं, काळ्या पाटीच्या दगडाची छपरं, गावातून वाहणारा ओढा आणि त्यावर दगडी पूल. हाच एल्ट्सचा ओढा, पुढे रानातून जाऊन एल्ट्स किल्ल्याला वळसा घालतो. पुलावर बसून मेतकूट-पाव खाल्ला. दुपारी आम्हाला गावात सहाएक माणसं दिसली असतील. संध्याकाळी आठवण आली, तिकीट रद्द करायची शेवटची तारीख! स्टेशनच्या बाकावर बसून जर्मन ॲपमध्ये योग्य बटण शोधलं. रद्द झाल्याची मेल येईपर्यंत श्वास अडकला होता. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा.

शाकाहारी माणसासाठी दोन शब्द. जाड्या मिठाचा ब्रेत्सेल नावाचा पिळाचा पाव, बटाट्याची थालीपिठं सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर, लाल भोपळ्याचं सूप, यांवर आठ दिवस निघतात. सूपमध्ये मांसाचा रस्सा घातला नाही ना, हे विचारायचं. शरद ऋतूत सगळीकडे कांद्याचा केक मिळतो, दिसतो अगदी आपला, पण त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. त्याच्याबरोबर फेडरवायसर विकतात, आंबायला लागलेला, अजून वाईन न झालेला द्राक्षाचा रस. अण्णा माळकरी, ते बाटलीला हात लावणार नाहीत, पण वास घेऊन म्हणाले, “उन्हं चढल्यावरची नीरा.” मी एक बाटली घेऊन सॅकमध्ये आडवी ठेवली. त्या बाटलीचं टोपण मुद्दाम सैल असतं, नाहीतर आतल्या वायूनं फुटेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पासपोर्ट प्लास्टिकच्या पाकिटात होते म्हणून वाचले. कागदांची फाईल, सातबाऱ्यासकट, ओली झाली. ११ तारखेला दिवसभर पाऊस होता, तेव्हा खोलीच्या हीटरवर अकरा नावं वाळत घातली.

१२ तारखेला पाऊस थांबला. शनिवार, दसरा. गाडीनं मोझेल्केर्नला उतरलो. तिथून एल्ट्स साधारण पाच किलोमीटर, रानातून, ओढ्याच्या कडेकडेनं. लोक दीड तासात जातात, आम्हाला दोन लागले. जुन्या गिरणीपर्यंत डांबरी रस्ता आहे, पुढे पायवाट. पावसानं निसरडी झालेली, मुळं वर आलेली. चांगल्या तळाचे बूट हवेतच. चालवत नसेल तर वरच्या बाजूला वाहनतळ आहे आणि तिथून किल्ल्यापर्यंत छोटी बस सुटते.

कॅलेंडरातला रंग मात्र अजून आलेला नव्हता. बीचची झाडं निम्मी हिरवीच, मधूनच एखादं पिवळं. रंगासाठी ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा बरा, पण किल्ला नोव्हेंबरच्या सुरुवातीला हिवाळ्यासाठी बंद होतो, हा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

एका वळणावर अण्णांनी हात आडवा केला. ओल्या पाचोळ्यावर वीतभर लांबीचा काळाकुळकुळीत प्राणी, अंगावर हळदीसारखे पिवळे पट्टे. पालीसारखा, पण पालीची चपळाई नाही. एक पाय उचलायचा, थांबायचा, मग दुसरा. फायरसॅलमँडर. पाऊस पडून गेला की बाहेर येतो, अंगातून विषारी द्रव सोडतो, हात लावायचा नाही. त्याला वाट ओलांडायला चार मिनिटं लागली. मागून आलेलं एक जर्मन जोडपंही आमच्याशेजारी गप्प उभं राहिलं.

आणि मग रान एकदम उघडतं. तीन बाजूंनी ओढा, मधे सत्तर मीटर उंच खडक, आणि त्यावर तो. अण्णांनी पान काढून समोर धरलं, एक डोळा मिटला, दोन पावलं डावीकडे सरकले. “फोटोवाला हितं न्हवता. तिकडं वर हुता.” त्या दिशेला त्रुत्सएल्ट्सचे अवशेष आहेत. १३३१ साली ट्रियरच्या आर्चबिशपनं हा किल्ला नमवायला समोरच्या टेकाडावर ती गढी बांधली होती.

तेव्हा तिकीट माणशी चौदा युरो होतं, त्यात गाईड आणि खजिन्याची खोली दोन्ही आलं. शनिवार असल्यानं रांगेत पन्नास मिनिटं गेली. आत फोटो काढता येत नाहीत. आमची गाईड कॉलेजातली मुलगी होती, मी हळू आवाजात अण्णांना मराठीत सांगत होते. किल्ला आठशे वर्षांहून जास्त काळ एकाच घराण्याकडे आहे. पण तेराव्या शतकात, १२६८ च्या आधी, तीन भावांनी वाटणी केली आणि घराण्याच्या तीन पात्या, म्हणजे शाखा, झाल्या. एकच दरवाजा, एकच चौक, आणि चौकाभोवती ज्याचं त्याचं घर, ज्याची त्याची चूल. जागा खडकाएवढीच, म्हणून घरं वर वर वाढत गेली, आठ-आठ मजले. शंभरावर खोल्या, शंभरएक माणसं. एकमेकांशी कसं वागायचं याचे लेखी करार केलेले.

अण्णा थांबले. “मंजे सामाईक?”

“सामाईक.”

“आन् येकच चौक?”

मग त्यांनी माझ्या सॅकमधल्या फाईलकडे बोट दाखवलं आणि इतक्या मोठ्यानं हसले की गाईडनं बोलणं थांबवलं. मला इंग्रजीत कारण सांगावं लागलं. आमच्या जमिनीच्या कागदावरही अकरा नावं आहेत, एवढंच म्हटलं. तिला ते फार आवडलं. तिनं सांगितलं की इथं १८१५ साली सगळे वाटे एका पातीकडे आले. अण्णांनी मनात आकडेमोड केली. “साडेपाचशे वर्सं. आमचं आत्ताशी साठ झालं.”

सगळ्या पात्या जिथं जमत त्या मोठ्या दालनात भिंतींवर विदूषकांचे चेहरे कोरलेत, म्हणजे इथं मनातलं बोलायची मुभा आहे. आणि बाहेर पडायच्या दारावर एक गुलाब आहे, म्हणजे इथं बोललेलं इथंच ठेवायचं. अण्णा त्या दाराखाली मान वर करून उभे राहिले. पुढचा गट आत आला तरी हलेनात.

बाहेर चौकात आल्यावर त्यांनी खिशातून बीचची दोन हिरवी पानं काढली, वाटेत उचललेली. एक मला दिलं. मी पाया पडले. दुसरं त्यांनी वहीत ठेवलं. कुणासाठी ते विचारलं तर म्हणाले, धाकट्यासाठी.

१४ ला निघालो, १५ ला पहाटे मुंबई. दोघांचे मिळून दोन लाख शहाऐंशी हजार झाले, पासपोर्टपासून साताऱ्याच्या रिक्षापर्यंत. एक लाख तीस हजार विमानाचे, पासष्ट हजार राहण्याचे. जेवणाचे पंचवीस हजारांच्या आत राहिले ते मेतकुटामुळे.

दिवाळीच्या सफाईत मी ती फाईल माळ्यावर टाकायला घेतली. अजून तिला आंबूस वास येतो. अण्णा खालून म्हणाले, “वर नगं टाकू. ठसं एकुनसाठ म्हैनं चालत्यात म्हनली हुती ना ती पोरगी?”

मी म्हटलं, हो.

ते बोटांवर मोजत होते. “मंजे एकोणतीसचा जुलै. श्यात्तर हुतील मला.” मग म्हणाले, “आषाढी कवा येतीया बघ त्या साली.”